स्वतःचे सुख हा नीतीचा पाया होऊ शकतो का? आगरकर, टिळक आणि एक अपुरा राहिलेला वाद

१/२४
१८८२ साली मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोन तरुण १०१ दिवस एकत्र होते. दोघांचाही जन्म १८५६ चा. दोघेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांवर वृत्तपत्रांतून केलेल्या टीकेमुळे बदनामीच्या खटल्यात दोघांनाही शिक्षा झालेली. पुढे एकाने ‘सुधारक’ काढला, दुसऱ्याने ‘गीतारहस्य’ लिहिले. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्या राजकीय मतभेदांविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्या मतभेदांच्या तळाशी असलेला एक प्रश्न मात्र सहसा दुर्लक्षित राहतो : मनुष्याचे सुख हा नीतीचा पाया होऊ शकतो का? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/२४
आरंभीच एक भेद स्पष्ट करून घेऊ. ‘सुख हा नीतीचा पाया आहे’ या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने दडलेली असतात. पहिले : मनुष्य जे काही करतो ते स्वतःच्या सुखासाठीच करतो. दुसरे : मनुष्याने स्वतःच्या सुखासाठीच वागावे. तिसरे : ज्या वर्तनाने सर्वांचे सुख वाढते ते वर्तन नीतीचे. पहिले विधान स्वभावाविषयी आहे, दुसरे आणि तिसरे कर्तव्याविषयी. आणि या शेवटच्या दोहोंतही ‘माझे’ आणि ‘सर्वांचे’ हे अंतर आहे. या प्रश्नाचा दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या अंतरावर पूल बांधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

३/२४
ग्रीसपासून सुरुवात करू. एपिक्यूरस (इ.स.पू. ३४१ ते २७०) याने अथेन्समध्ये एका बागेत आपला संप्रदाय चालवला. त्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. सुख हेच जीवनाचे साध्य, असे तो उघडपणे सांगे. त्याचे नाव पुढे खाण्यापिण्याच्या चैनीशी जोडले गेले, हा त्याच्यावर झालेला मोठा अन्याय. त्याच्या मते सुख म्हणजे शरीराला पीडा नसणे आणि मनाला उद्वेग नसणे. साधे अन्न, थोड्या गरजा, मृत्यूच्या आणि देवांच्या भयापासून मुक्ती आणि सोबतीला मित्र, एवढे त्याला पुरेसे होते. त्याच्या दृष्टीने न्याय हा माणसामाणसांतील करार : तू मला इजा करू नकोस, मी तुला करणार नाही.

४/२४
या विचाराची कसोटी मैत्रीच्या प्रश्नावर लागली. मित्र मला सुख देतो म्हणून मी त्याला जपतो, असे मानले तर मित्रासाठी प्राण देण्याचा प्रसंग आला असता काय करावे? शहाणा मनुष्य प्रसंगी मित्रासाठी प्राणही देईल, असे एपिक्यूरसचे मत असल्याची नोंद डायोजीनीस लाएर्शियस या जुन्या चरित्रकाराने ठेवली आहे. आयुष्याच्या अखेरच्या दिवशी तीव्र वेदनेत असताना एपिक्यूरसने एका मित्राला पत्र लिहिले. जुन्या संभाषणांच्या आठवणींचा आनंद या वेदनेहून मोठा आहे, असे सांगून त्याने आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या मुलांची काळजी घेण्याची विनंती केली. स्वतःच्या सुखाचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याची ही शेवटची विनंती दुसऱ्याच्या मुलांसाठी होती. त्याच्या सिद्धान्तात ती कोठे बसते, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे.

५/२४
आपल्याकडे हा प्रश्न निघाला की चार्वाकाचे नाव येते. कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश करणारा नास्तिक, अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात आहे. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबले पाहिजे. चार्वाकमताची जी माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. ज्या पक्षाची साक्ष केवळ प्रतिपक्षाच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचते, त्याविषयी निकाल देताना हात आखडता ठेवावा. सुखदुःख मिसळलेले असते म्हणून सुख टाकून देऊ नये, ज्याप्रमाणे कोंड्यासाठी कोणी धान्य टाकत नाही, हा चार्वाकांचा म्हणून सांगितला जाणारा युक्तिवाद मुळीच पोरकट नाही.

६/२४
उपनिषदांतही या प्रश्नाची चाहूल लागते. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयीला सांगतो की पती, पत्नी, पुत्र, वित्त हे सारे त्यांच्या स्वतःसाठी प्रिय नसते. आत्म्यासाठी प्रिय असते. वरवर वाचले तर हा शुद्ध स्वार्थवाद वाटतो. परंतु याज्ञवल्क्याचा ‘आत्मा’ म्हणजे एका देहापुरता मर्यादित ‘मी’ नव्हे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे टिळकांनी पाश्चात्त्य स्वार्थवाद्यांना उत्तर देताना नेमका हाच संवाद हाती घेतला.

७/२४
आता सतराव्या शतकातील इंग्लंडकडे वळू. थॉमस हॉब्ज (१५८८ ते १६७९) याचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ साली प्रसिद्ध झाला. मनुष्य स्वतःच्या रक्षणासाठी आणि हितासाठी झटतो. समाज आणि राज्यसत्ता यांचा उगम याच गरजेत आहे, असे त्याचे प्रतिपादन. त्याची एक आठवण जॉन ऑब्री याने लिहून ठेवली आहे. लंडनच्या रस्त्यात हॉब्जने एका जर्जर वृद्धाला भीक घातली. ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी तुम्ही ती घातली असती काय, असे एका धर्मोपदेशकाने विचारले. हॉब्जने होकार दिला. त्या वृद्धाची दशा पाहून आपल्याला पीडा होत होती; भीक दिल्याने त्याचे दुःख थोडे हलके झाले आणि आपलेही, असे त्याने सांगितले.

८/२४
उत्तर हुशारीचे आहे, पण त्यातच त्याची अडचण आहे. वृद्धाचे दुःख पाहून हॉब्जला पीडा झालीच का? ज्याला केवळ स्वतःचीच चिंता आहे, त्याला दुसऱ्याच्या भुकेने त्रास होण्याचे कारण नाही. इंग्रज धर्मोपदेशक जोसेफ बटलर याने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत हा मुद्दा काटेकोरपणे मांडला. आपल्याला आधी एखाद्या गोष्टीची ओढ असते. ती गोष्ट साधली म्हणजे सुख होते. सुख हे त्या ओढीच्या पूर्तीतून येते. म्हणून दान देऊन सुख मिळत असेल, तर दुसऱ्याविषयीची आस्था त्या सुखाच्या आधीच मनात असली पाहिजे. पहिल्या क्रमांकाचे विधान, म्हणजे सर्व काही स्वसुखासाठी, येथे डळमळीत होते.

९/२४
अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथॅम (१७४८ ते १८३२) याने डाव बदलला. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या नीती आणि कायदा यांवरील ग्रंथात त्याने कायद्याची कसोटी सांगितली : संबंधित सर्व लोकांचे सुख वाढते की दुःख वाढते? या हिशेबात राजाचे सुख आणि मजुराचे सुख समान वजनाचे. त्या काळी ही गोष्ट क्रांतिकारक होती. जुना कायदा केवळ जुना म्हणून टिकणार नव्हता. त्याला आपले पुस्तक उघडून दाखवावे लागणार होते. परंतु एक प्रश्न उरलाच. प्रत्येक मनुष्य स्वभावतः स्वतःचे सुख शोधतो, असे बेंथॅमच म्हणतो. मग त्याने सर्वांच्या सुखासाठी का झटावे? ‘माझे’ ते ‘सर्वांचे’ हा पूल येथेही पुरा होत नाही.

१०/२४
या विचाराचा हिंदुस्थानशी संबंध केवळ पुस्तकी नव्हता. बेंथॅमचा निकटचा सहकारी जेम्स मिल याने १८१७ साली ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याने हा देश कधी पाहिलेला नव्हता, आणि येथील समाजाविषयी त्याचे निर्णय अतिशय कठोर होते. १८१९ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीस लागला. त्याचा पुत्र जॉन स्टुअर्ट मिल १८२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याच कचेरीत दाखल झाला आणि कंपनीचा कारभार संपेपर्यंत, म्हणजे १८५८ पर्यंत, तेथेच राहिला. जास्तीत जास्त लोकांच्या जास्तीत जास्त सुखाचा पुरस्कर्ता आयुष्याची ३५ वर्षे एका परक्या देशावरील राज्यकारभाराचे खलिते लिहीत होता, ही विसंगतीही नोंदवून ठेवावी.

११/२४
धाकट्या मिलच्या आयुष्यातील एक घटना आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. वडिलांनी त्याला बालपणापासून बेंथॅमच्या तत्त्वांवर वाढवले होते. १८२६ च्या शरद ऋतूत, विशीत असताना, त्याने स्वतःला विचारले : समाजात ज्या ज्या सुधारणा व्हाव्यात असे मला वाटते, त्या सर्व या क्षणी झाल्या, तर मला आनंद होईल का? मनाने उत्तर दिले, नाही. त्यानंतरचे काही महिने त्याने खोल विषण्णतेत काढले. १८७३ साली, मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हा अनुभव सविस्तर सांगितला आहे.

१२/२४
त्यातून मिलने काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सुख हीच आयुष्याची कसोटी, हे मत त्याने सोडले नाही. परंतु सुखाला थेट लक्ष्य केले की ते हाती लागत नाही, असे त्याला दिसून आले. दुसऱ्यांचे हित, एखादी कला, एखादे कार्य यांत जे रमतात, त्यांना सुख वाटेत भेटते. पुढे उपयुक्ततावादावरील लेखनात (१८६१) त्याने सुखांत उच्च आणि हीन असा भेदही केला. म्हणजे सुखवादाच्या सर्वांत समर्थ पुरस्कर्त्यानेच दोन गोष्टी मान्य केल्या : स्वतःचे सुख हे शोधण्याचे लक्ष्य होऊ शकत नाही, आणि सर्व सुखे एका तागडीत तोलता येत नाहीत.

१३/२४
आता पुण्याला येऊ. १८७० च्या दशकात डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांच्या हाती मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांची पुस्तके पडत होती. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेला, अतिशय गरिबीत शिकलेला आगरकर नावाचा विद्यार्थी या ग्रंथांनी भारावला. एम.ए. होण्याच्या सुमारास त्याने आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील आणि घरचे पांग फेडील, अशी आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून उरलेला सारा वेळ लोकहितासाठी खर्च करण्याचे मी ठरवले आहे, असा त्या पत्राचा आशय.

१४/२४
आगरकरांनी हा शब्द पाळला. न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे संपादकत्व, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज, १८८८ पासून ‘सुधारक’. तुटपुंजा पगार, दम्याचा विकार आणि लोकांचा रोष यांची साथ अखेरपर्यंत सुटली नाही. सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्याआधी, फर्ग्युसनचे प्राचार्य असताना ते वारले. ईश्वर, परलोक, पुण्यसंचय यांपैकी कशाचाही आधार त्यांनी घेतला नव्हता. नीतीला धर्माज्ञेची गरज नाही, मनुष्याचे ऐहिक सुख वाढवणे हेच तिचे प्रयोजन, असे त्यांचे मत होते.

१५/२४
येथे एक कोडे उभे राहते. सुखाला नीतीचा आधार मानणाऱ्याने स्वतः इतके सुखहीन आयुष्य का पत्करले? ‘त्यागातच त्यांना सुख वाटत होते’ हे उत्तर सोपे आहे, पण ते बटलरच्या आक्षेपापाशी अडते : त्यागात सुख वाटण्यासाठी दुसऱ्याविषयीची कळकळ आधी असावी लागते. अधिक समाधानकारक उत्तर त्यांच्या लेखनात सापडते. आगरकरांच्या निबंधांत ‘माझे सुख’ हा विषयच जवळजवळ येत नाही. तेथे सतत विचारले जाते ते हे, की अमुक रूढीने कोणाला दुःख होते आणि त्या दुःखाच्या मोबदल्यात कोणाला काय मिळते?

१६/२४
विधवांच्या केशवपनाचे उदाहरण घ्या. त्या काळी या रूढीचे समर्थन शास्त्रवचने, कुलाची अब्रू आणि परंपरा यांच्या आधारे होत असे. आगरकरांनी या वादाची जागाच बदलली. ज्या मुलीला आपल्या लग्नाचाही अर्थ कळला नव्हता, तिला आयुष्यभर हे भोगावयास लावण्याने कोणाचे कोणते हित साधते, असा त्यांचा रोख होता. सुखदुःखाची कसोटी लावताच ज्या व्यक्तीचे मत तोवर कोणी विचारलेच नव्हते, ती वादाच्या मध्यभागी आली. धर्मशास्त्राच्या चर्चेत ती केवळ नियमाचा विषय होती. या चर्चेत तिचे दुःख हाच पुरावा झाला.

१७/२४
रखमाबाईंच्या खटल्यात हीच गोष्ट न्यायालयासमोर आली. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. आता विचार करा : त्यांचा नकार हा स्वसुखाचा हट्ट होता की नीतीचा आग्रह?

१८/२४
तत्कालीन विरोधकांचे उत्तर ठरलेले होते : ही बाई स्वतःच्या सुखासाठी धर्म मोडते. ‘स्वतःचे सुख’ हा शब्दप्रयोग दूषण म्हणून कोणाविरुद्ध वापरला जातो, हे इतिहासात नेहमी तपासावे. पुरुषाच्या सुखाला येथे ‘हक्क’ असे नाव होते. स्त्रीच्या सुखाला ‘स्वार्थ’ असे. म्हणून सुख हा नीतीचा पाया नव्हे असे म्हणण्यापूर्वी, आजवर कोणाचे सुख न बोलता पाया म्हणून गृहीत धरले गेले, हेही विचारावे लागते.

१९/२४
१८९० साली कलकत्त्यातील फुलमणी दासी या सुमारे दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला देशभर गाजला. पतीच्या शरीरसंबंधामुळे तिचा मृत्यू झाला होता. परंतु कायद्यातील संमतिवय दहा वर्षांचे असल्याने त्याच्यावर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. मार्च १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा झाला. आगरकर या कायद्याचे समर्थक होते. टिळक विरोधक होते. टिळकांची भूमिका न्यायाने मांडली पाहिजे : बालविवाह चांगला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सुधारणा लोकशिक्षणाने आणि समाजाच्या स्वतःच्या निर्णयाने यावी, परक्या सरकारच्या कायद्याने येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. आगरकरांच्या बाजूने विचारले तर मात्र प्रश्न उरतो : समाजाचा निर्णय होईपर्यंत त्या मुलींनी काय करावे?

२०/२४
आगरकरांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो केवळ गीतेवरील टीका नाही. त्यात ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि ‘सुखदुःखविवेक’ अशी स्वतंत्र प्रकरणे असून हॉब्ज, बेंथॅम, मिल, स्पेन्सर यांची मते नाव घेऊन तपासली आहेत. तरुणपणीच्या मित्राने ज्या ग्रंथांवर आपली नीती उभारली होती, त्यांनाच दिलेले हे सविस्तर उत्तर होते. ऐकावयास तो मित्र उरला नव्हता.

२१/२४
टिळक पायऱ्या पाडतात. पहिली पायरी केवळ स्वार्थाची. दुसरी दूरदृष्टीच्या स्वार्थाची : मी चोरी केली तर उद्या माझ्याकडेही होईल, म्हणून करू नये. तिसरी स्वार्थ आणि परार्थ दोन्ही सांभाळण्याची. चौथी पुष्कळांच्या सुखाची. चौथीही अपुरी, हे दाखवण्यासाठी ते भारतीय युद्धाचा दाखला देतात : कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य होते, पांडवांकडे सात. डोकी मोजून न्याय ठरवावयाचा तर कौरवांची बाजू न्यायाची ठरेल काय? दुसरा दाखला अमेरिकेतील. शहराला ट्रामगाडी हवी होती, मंजुरीस विलंब होत होता, चालकाने लाच देऊन काम उरकले. लोकांचे सुख वाढले, तरी तो दोषीच ठरला. म्हणून कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही, हे पाहिल्यावाचून नीतीचा निर्णय होत नाही, असे टिळकांचे प्रतिपादन.

२२/२४
हे आक्षेप भक्कम आहेत. टिळकांचे आयुष्यही त्यांना साक्ष आहे. १९१२ मध्ये ते मंडालेत असताना पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. स्वतःच्या सुखाचा हिशेब करणारा मनुष्य या वाटेने गेला नसता. परंतु टिळकांच्या उत्तरालाही एक प्रश्न विचारता येतो. कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे, हे कोणी ठरवावयाचे? मुलीचे केशवपन करणारे घरातील वडीलधारे अनेकदा मनापासून धर्म पाळत होते. त्यांच्या बुद्धीत कपट नव्हते. दुःख मात्र खरे होते. कर्त्याच्या मनाची तपासणी करून ते दिसत नाही; जिच्यावर कृती घडते तिच्याकडे पाहावे लागते.

२३/२४
टिळकांच्या ग्रंथात या आक्षेपाचे उत्तर सापडते, आणि तेथे दोन्ही मित्र अनपेक्षितपणे जवळ येतात. शुद्ध बुद्धीची खूण म्हणून टिळक ‘आत्मौपम्य’ सांगतात : दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याच सुखदुःखासारखे मानणे. याज्ञवल्क्याच्या व्यापक ‘आत्म्या’चा हा व्यावहारिक अर्थ. परंतु दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखे मानावयाचे तर ते आधी विचारले पाहिजे, ऐकले पाहिजे. आगरकरांनी नेमके तेच केले होते. तत्त्वाच्या बाजूने टिळकांची मांडणी अधिक खोल आहे, असे मला वाटते. १८९१ च्या प्रश्नावर ते तत्त्व आगरकरांनी अधिक प्रामाणिकपणे लागू केले.

२४/२४
तर मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? एपिक्यूरसपासून मिलपर्यंत ज्यांनी स्वतःच्या सुखावर नीती उभारली, त्या प्रत्येकाला मैत्री, करुणा किंवा समतेचा टेकू बाहेरून आणावा लागला. म्हणून माझे सुख हा पाया होऊ शकत नाही. परंतु गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो. ओळंबा भिंतीचा भार घेत नाही. भिंत कोठे कलली आहे ते दाखवतो. माणसांचे सुखदुःख नीतीसाठी तेच काम करते, आणि त्यातही ज्यांना कोणी विचारत नाही त्यांचे दुःख सर्वांत आधी. पुढच्या वेळी एखादी परंपरा, एखादा कायदा किंवा एखादे मोठे ध्येय यांविषयी वाद ऐकाल, तेव्हा एवढे अवश्य पाहा : या हिशेबात कोणाचे दुःख धरलेलेच नाही? आणि जमल्यास आगरकरांचे निबंध आणि ‘गीतारहस्या’तील चौथे-पाचवे प्रकरण एकापाठोपाठ वाचा. डोंगरीतून बाहेर पडल्यावर अपुरा राहिलेला तो वाद तुम्हाला तेथे ऐकू येईल. धागा समाप्त.